नागरी सहकारी बँक आणि तिचे शेजारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका नागरी सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. अजूनही आठवड्यातून दोनदा सकाळी शाखेत जातो. कोणाला फॉर्म भरून द्यायचा असतो, कोणाला नुसतंच विचारायचं असतं. लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा माणूस हळूच विचारतो, "साहेब, ठेव ठेवू का तुमच्याकडे?" असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ही बँक नक्की कोणाची असते?

सभासदांची. शेअर घेतला की तुम्ही सभासद. तुमच्याकडे दहा शेअर असोत की दहा हजार, निवडणुकीत मत एकच. बँक अडचणीत आली तर सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरपुरतीच असते. शेअर बाजारात या शेअरची खरेदी-विक्री होत नाही. सभासदत्व सोडताना नियमांत बसत असेल तर दर्शनी किंमत परत मिळते. पैसा दुप्पट करायला कोणी इथला शेअर घेत नाही.

या बँका निघाल्याच मुळी सावकाराच्या पाशातून सुटायला. जर्मनीत १८५०च्या सुमारास शुल्त्झे-डेलिच यांनी शहरातल्या कारागिरांसाठी आणि पुढे रायफायझेन यांनी खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी पतपेढ्या काढल्या. आपल्याकडे १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू झाली. तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता, तो १९०४ साली आला. त्याच वर्षी तेव्हाच्या मद्रास इलाख्यात कांजीवरमला पहिली नागरी पतसंस्था नोंदली गेली. पुण्यात कॉसमॉस १९०६ची, मुंबईत सारस्वत १९१८ची. लग्न, आजारपण, जुनं देणं या कारणांसाठी मध्यमवर्गीय माणसाला वाजवी व्याजाने चार पैसे मिळावेत, एवढ्यासाठी चार ओळखीची माणसं एकत्र आली होती. आज देशात दीड हजाराच्या आसपास नागरी सहकारी बँका आहेत आणि सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात.

आम्ही ठेवलेल्या पैशाचं बँक करते काय?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि तोच सगळ्यांत कमी विचारला जातो.

तुम्ही १०० रुपये ठेवले. त्यातले १८ रुपये बँकेला मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावे लागतात, सध्या ३ रुपये राखीव रोख म्हणून ठेवावे लागतात. काही रक्कम रोजच्या देण्याघेण्यासाठी हाताशी लागते. उरलेल्या पैशांतून कर्ज दिलं जातं. आता हे कर्ज कोणाला जातं ते बघा. नागरी सहकारी बँकेने एकूण कर्जाचा किमान निम्मा भाग लहान रकमांच्या कर्जांत ठेवावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. लहान म्हणजे साधारण २५ लाखांपर्यंत, मोठ्या बँकांना भांडवलाच्या प्रमाणात थोडी जास्त मुभा. शिवाय ६० टक्के कर्ज शेती, छोटे उद्योग, लहान घरं, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना जायला हवं. व्यापारी बँकांना हेच प्रमाण ४० टक्के आहे.

म्हणजे पेन्शनर काकूंनी ठेवलेली मुदत ठेव त्याच पेठेतल्या फॅब्रिकेशनवाल्याच्या वेल्डिंग मशीनला लागते. त्याच्याकडे चार पोरं कामाला असतात, त्यांचे पगार आमच्याच शाखेत जमा होतात, त्यातला एक जण पुढे दुचाकीसाठी कर्ज मागायला येतो. मी हे चक्र माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षं बघितलं आहे. वह्यावाटपाचे फोटो पेपरात येतात, याचा फोटो कोणी काढत नाही. पण बँकेने शेजाऱ्यांना परत दिलेली खरी गोष्ट हीच.

मोठ्या बँकेनं कर्ज नाकारलं. इथे मिळेल का?

मिळू शकतं, मिळेलच असं नाही. सिबिल स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण, आम्हीही बघतो. फरक पडतो तो ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्या बाबतीत.

एक ताई ब्लाउज शिवायच्या. घरात एकच जुनी पायमशीन. विजेवरची मशीन आणि पिकोची मशीन अशा दोन घ्यायच्या होत्या. पगाराची स्लिप नाही, इन्कमटॅक्स रिटर्न नाही, दुसऱ्या एका बँकेतून रिकाम्या हाताने परतल्या होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून दोन गोष्टी काढल्या, पिग्मीचं, म्हणजे एजंटाकडे रोज थोडे थोडे पैसे जमा करायच्या खात्याचं, पासबुक आणि मापांची वही. पासबुकात तीन वर्षं रोजचे तीस रुपये, दिवाळीचे चार दिवस सोडले तर खाडा नाही. मापांच्या वहीत प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-बाही, खाली शिलाई किती ठरली आणि किती बाकी. मी ती वही तासभर चाळली. महिन्याला किती नग जातात, लग्नसराईत किती वाढतात, उधारी किती दिवसांत येते, सगळं त्यात होतं. ताळेबंद म्हणतात तो आणखी काय असतो? कर्ज मंजूर झालं. एकदा आजारपणात दोन हप्ते मागेपुढे झाले, तेव्हा त्या आधी येऊन सांगून गेल्या. कर्ज वेळेत फिटलं.

दूरच्या कार्यालयात बसून अर्ज तपासणाऱ्याला ती वही दिसत नाही. त्याचा दोष नाही, तो तिथून बघूच शकत नाही. शेजारच्या बँकेचं बळ एवढंच आहे की तिला वही वाचता येते.

मग ओळख असली की कर्ज मिळतं, असंच ना?

नाही, आणि ओळखीनेच या बँकांचं नुकसानही केलं आहे. ओळखीचा उपयोग माणूस समजून घ्यायला करावा, नियम वाकवायला नाही. "अमुकतमुकांचा माणूस आहे, बघा जरा" असे फोन मीही घेतले आहेत. एकदा तारणाची जमीन न बघताच शेरा मारावा म्हणून माझ्यावर दबाव आला. मी बघून आलो. तिथे खडकाळ माळ होता आणि रस्ताही नव्हता. कर्ज थांबलं, माझी बदली झाली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण तो पैसा त्या पेन्शनर काकूंचा होता.

कधी कधी 'नाही' हीच बँकेची मदत असते. मुलीच्या लग्नात मानपान वाढला म्हणून घर गहाण टाकायला निघालेल्या बापाला आम्ही कर्ज कमी करायला लावलं आहे. त्या दिवशी ते रागावून गेले. पुढे स्वतःच्या मुलालाही खातं काढायला आमच्याकडेच घेऊन आले.

जामीनदार कशाला लागतात?

विनातारण कर्जाला बँकेचा आधार दुसरा काही नसतो म्हणून. जामीन राहणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: ही नुसती सही नाही. कर्जदाराने थकवलं तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, पगारातून कपात होऊ शकते. मित्रासाठी सही करायची असेल तर त्याचा हप्ता आपल्याला झेपेल का, हे आधी मनाशी ठरवा. नसेल झेपत तर स्पष्ट नाही म्हणा.

पिग्मी अजून चालू ठेवावी का? आता तर मोबाइलवर सगळं होतं.

रोज हातात रोकड येते आणि रोजच जाते, अशांनी जरूर ठेवावी. रोजचे ५० रुपये म्हणजे वर्षाचे १८,२५०. हे पैसे महिनाअखेरीस एकदम बाजूला काढू म्हटलं तर निघत नाहीत, हे भाजीवाला, रिक्षावाला, चहावाला यांना चांगलं माहीत असतं. आमचे एक पिग्मी एजंट संध्याकाळी सहाला मंडईच्या एका टोकाने सुरू करायचे. गाळ्यासमोर नुसते उभे राहायचे. गाळेवाली गिऱ्हाईक न सोडता गल्ल्याखालून नोट पुढे करायची, यंत्रातून चिठ्ठी निघायची, पुढचा गाळा. कोण आजारी आहे, कोणाचा माल नासला, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, ही सगळी खबर त्यांच्याकडे. एखादा गाळा चार दिवस बंद दिसला तर ते शाखेत येऊन सांगायचे आणि आम्ही चौकशी करायचो.

दोन गोष्टी मात्र पाळा. चिठ्ठी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि महिन्यातून एकदा शाखेत किंवा एसएमएसवर शिल्लक ताडून बघा. मुदतीआधी पैसे काढले तर व्याज कमी होतं किंवा मिळतच नाही. खातं उघडतानाच ते विचारून घ्या.

शिष्यवृत्ती, रुग्णवाहिका, वह्या, आरोग्य शिबिरं... हे कोणाच्या पैशातून?

नफ्यातून, म्हणजे शेवटी सभासदांच्याच. म्हणून ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. सहकार शिक्षणासाठीही वर्गणी द्यावी लागते. बाहेरच्या संस्थांना द्यायच्या देणग्यांवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, आदल्या वर्षीच्या जाहीर नफ्याच्या १ टक्का. याशिवाय अनेक बँका सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने सभासद कल्याण निधी, धर्मादाय निधी राखतात. दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, सभासदाच्या शस्त्रक्रियेला मदत, डोळे तपासणी, हे बहुधा त्यातून होतं.

माझं स्पष्ट मत सांगतो. मोठा मंडप घालून, पाहुणे बोलावून शंभर वह्या वाटण्यापेक्षा एका होतकरू मुलीची तीन वर्षांची कॉलेज फी भरावी. आमच्या शाखेने असं केलं आहे. ती मुलगी आज परिचारिका आहे आणि तिच्या आईचं बचत खातं अजून आमच्याकडेच आहे. देणगी कोणाला दिली, किती दिली आणि त्या संस्थेत कोणा संचालकाचा हितसंबंध आहे का, हे सभेत विचारा. चांगल्या बँकेला याचा राग येत नाही.

मला लाभांश किती मिळेल?

बँकेच्या नफ्यावर आणि सभेच्या मंजुरीवर अवलंबून. तोट्यातल्या बँकेत मिळणारच नाही. ५,००० रुपयांच्या शेअरवर १० टक्क्यांनी ५०० रुपये, इतकं साधं गणित आहे. कित्येक सभासद तो घ्यायलाही येत नाहीत. बँक खात्याचा नंबर देऊन ठेवा, थेट जमा होतो.

महिलांच्या वेगळ्या बँका कशाला हव्यात?

कारण दारातच अडवलं जातं, म्हणून. अहमदाबादेत १९७४ साली इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. फेरीवाल्या, विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट तर प्रत्येक बँक कर्मचाऱ्याला माहीत असावी. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरावर टाकायला प्लास्टिकचं कापड घ्यायचं होतं आणि त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. कर्ज नको होतं, नुसतं खातं हवं होतं. तेही कोणी काढून देईना. चेतना सिन्हा यांनी बायकांना घेऊन बँकेचा प्रस्ताव केला, तर प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून परवाना नाकारला गेला. त्या बायका लिहायला शिकू लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. कोणत्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असं आव्हान त्यांनी दिलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मी कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढू शकत नाही. काउंटरवर अंगठा उठवणाऱ्या बाईशी बोलताना मला ही गोष्ट नेहमी आठवायची.

पूर, दुष्काळ अशा वेळी बँक काय करते?

सरकारने आपत्ती जाहीर केली की रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत हप्ते पुढे ढकलणं, कर्जाची पुनर्बांधणी, नवं कर्ज देणं शक्य असतं. पण त्यासाठी कर्जदाराने यावं लागतं. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. लोक भिजलेली पासबुकं घेऊन यायचे, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. आम्ही ती काउंटरवर उलगडून पंख्याखाली ठेवायचो आणि संगणकावरून नवी छापून द्यायचो. एका कापड दुकानदाराने विचारलं, "माल सगळा गेला. हप्ता कशाचा भरू?" त्याला हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज कसा लिहायचा ते तिथल्या तिथे सांगितलं. जे संकोचाने आलेच नाहीत, त्यांची खाती थकीत झाली आणि पुढे त्यांनाच जड गेलं. संकट आलं की आधी शाखेत या, नोटिशीची वाट बघू नका.

ठेव बुडणार नाही ना?

प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाख होता. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरल्या जातात. विम्याचा हप्ता बँक भरते, तो तुमच्याकडून घेता येत नाही.

२०१९ साली मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. माणसं बँकेच्या दारात रडत होती. त्यानंतर कायदे बदलले. २०२०च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले आणि २०२१च्या दुरुस्तीने असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. तरीही माझा सल्ला असा की आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका, आमच्याकडेही नको. कोणी बाजारापेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज देत असेल तर खूश होण्याआधी ते कसं परवडतं, हे विचारा.

पतसंस्था आणि सहकारी बँक एकच ना?

नाही. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो आणि तिथल्या ठेवींना हा ५ लाखांचा विमा नाही. अनेक पतसंस्था उत्तम चालतात, पण हा फरक माहीत असूनच ठेव ठेवावी.

संचालक स्वतःला कर्ज घेऊ शकतात का?

ऑक्टोबर २००३पासून नागरी सहकारी बँकांना संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला बंदी आहे. स्वतःच्या मुदत ठेवीवर, विमा पॉलिसीवर वगैरे किरकोळ अपवाद आहेत.

सर्वसाधारण सभेला जाऊन उपयोग काय? जेवण करून परत यायचं...

सभा साधारणपणे सप्टेंबरअखेरपर्यंत होते. अहवाल आधी मिळतो, आणि बहुतेक जण तो फोटो बघून रद्दीत टाकतात. पुढच्या वेळी पाच मिनिटं काढा. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता थकलेल्या कर्जांचं प्रमाण, किती? ३ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दरवर्षी चढत असेल तर का ते विचारा. भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल, बँकेच्या आकाराप्रमाणे ९ किंवा १२ टक्क्यांच्या वर हवी. लेखापरीक्षणाचा वर्ग, म्हणजे हिशेबतपासणीत मिळालेली श्रेणी, कोणती? मोठे थकबाकीदार किती आणि वसुलीचं काय झालं?

आमच्या सभेत एक निवृत्त शिक्षक दरवर्षी पहिल्या रांगेत बसायचे. अहवालावर पेन्सिलीने खुणा केलेल्या असायच्या. ते उभे राहिले की मागून "बसा गुरुजी, जेवण थंड होतंय" असा आवाज यायचा. ते बसायचे नाहीत. त्यांच्या एका प्रश्नामुळे एका कर्जदाराच्या तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांची चौकशी लागली आणि पुढे वसुलीही झाली. व्यासपीठावर बसलेल्यांना धाक असतो तो अशा माणसांचा. रिझर्व्ह बँक तपासणीला येऊन जाते. गुरुजी मात्र रोज समोरच्या गल्लीत राहतात.

तक्रार कुठे करायची?

आधी शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ऑनलाइन करता येते, रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला साध्या पत्राने कळवता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. ५० कोटींपेक्षा कमी ठेवी असलेल्या लहान नागरी बँका या योजनेत येत नाहीत, त्यांच्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विभागाकडे लिहावं.

वडिलांचं जुनं खातं आणि शेअर सापडले आहेत. काही मिळेल का?

मिळेल. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसांचा हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून शोधा, आणि तिथे नाव दिसलं नाही तरी शाखेत या. मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र, जुनं पासबुक किंवा शेअर सर्टिफिकेट असेल ते आणा. नामनिर्देशन केलेलं असेल तर काम लवकर होतं. केलेलं नसेल तर वारसाचे कागद लागतात. येताना स्वतःच्या खात्याचं पासबुकही आणा. त्यावर नामनिर्देशनाची नोंद आहे का ते त्याच वेळी बघू, आणि नसेल तर फॉर्म तिथेच भरून घेऊ.